बँटम कोंबड्यांच्या दुर्मीळ जाती आणि प्रदर्शनांची मान्यता

बँटम म्हणजे अगदी लहान चणीची कोंबडी. नेहमीच्या कोंबडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतके तिचे वजन असते. हौशी पक्षिपालनात तिचे दोन गट मानतात. ज्यांची मोठ्या चणीची आवृत्ती कधी नव्हतीच त्या जातींना अस्सल बँटम म्हणतात. इंग्लंडची सेब्राइट आणि रोझकोंब, जपानची चाबो, डच बँटम, बेल्जियमच्या दाढीवाल्या जाती, पिवळसर-तांबूस नानकिन आणि मलेशियाची सेरामा या पहिल्या गटात येतात. दुसऱ्या गटात लेगहॉर्न, वायंडॉट, ऱ्होड आयलंड रेड अशा मोठ्या जातींच्या निवड-संकरातून घडवलेल्या छोट्या प्रतिकृती येतात. दुर्मीळ होण्याचा धोका दोन्ही गटांना आहे, पण त्याची किंमत सारखी नाही. छोटी वायंडॉट संपली तरी मोठ्या वायंडॉटपासून ती पुन्हा घडवता येईल. नानकिन संपली तर तिच्या मागे दुसरे काहीही उभे नाही. म्हणून दुर्मीळ बँटमच्या मान्यतेचा विचार करताना मुख्य लक्ष अस्सल बँटमकडेच द्यावे लागते.

मान्यता म्हणजे त्या देशातील पक्षिपालक संस्थेच्या मानकग्रंथात जातीची नोंद होणे. नोंदीत शरीराची ठेवण, पाठीची रेषा, तुऱ्याचा आकार, कानाच्या पाळीचा रंग, पायांवर पिसे असावीत की नसावीत, प्रत्येक पिसावरची नक्षी आणि वजन हे सारे शब्दांत लिहिलेले असते. बहुतेक ग्रंथांत शंभर गुणांची विभागणी असते आणि कोणत्या दोषाने पक्षी थेट बाद होतो याची यादीही असते. परीक्षक पिंजऱ्यापुढे उभा राहतो तेव्हा शेजारच्या पक्ष्याशी तुलना करण्याआधी तो समोरचा पक्षी या वर्णनाशी ताडून पाहतो. नोंद नसलेली जात अनेक ठिकाणी प्रदर्शनात ठेवता येते, पण वरच्या पातळीवरच्या बक्षिसांत तिला सहसा स्थान नसते. बक्षीस नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून नवा पैदासकार नाही. हौसेवर जगणाऱ्या जातीच्या बाबतीत ही साखळी फार लवकर तुटते. अंडी किंवा मांसासाठी बँटम पाळणारे थोडेच असतात. तिला जिवंत ठेवते ती हौसच.

जातींची मानके लिहिण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रुजली. तिची पूर्वपीठिका मात्र एका बँटमशी जोडलेली आहे. सर जॉन सेब्राइट (1767–1846) या जमीनदार आणि खासदार गृहस्थाने शतकाच्या आरंभी लहान चणीची, प्रत्येक पिसाला काळी बारीक किनार असलेली कोंबडी घडवली. नानकिन, हॅम्बर्ग आणि पोलिश या जातींचे रक्त तिच्यात आहे असे परंपरेने सांगितले जाते. 1810 च्या सुमारास सेब्राइटने आपल्या कोंबडीसाठी मंडळ काढले. एकाच जातीला वाहिलेले हे पहिले मंडळ मानले जाते. सभासद लंडनच्या ग्रेज इन कॉफी हाउसमध्ये दरवर्षी जमत आणि आपापले पक्षी एकमेकांसमोर ठेवत. काय चांगले आणि काय वाईट हे सभासदांनी आपसांत ठरवायचे, ही कल्पना तिथे आकाराला आली. सेब्राइटने 1809 मध्ये पशुपैदाशीवर लिहिलेली पुस्तिका चार्ल्स डार्विनच्याही वाचनात होती.

पुढच्या पन्नास वर्षांत परिस्थिती झपाट्याने पालटली. 1835 आणि 1849 च्या कायद्यांनी इंग्लंड आणि वेल्समध्ये कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. झुंजीचे कोंबडे जपणाऱ्यांची हौस प्रदर्शनांकडे वळली. 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले, 1849 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या सार्वजनिक बागेत भरले. चीनहून आलेल्या थोराड कोंबड्यांनी लोकांना वेड लावले होते आणि एकेका जोडीला मोठमोठ्या किमती मिळत होत्या. पैसा आल्यावर वादही आले. दोन परीक्षक एकाच पक्ष्याला दोन टोकांचे निकाल देऊ लागले, तेव्हा लेखी मानकाची निकड पटली. 1865 मध्ये डब्ल्यू. बी. टेगेटमायर याच्या संपादनाखाली पहिला इंग्रजी मानकग्रंथ निघाला. कबुतरे आणि कोंबड्यांविषयी डार्विनला माहिती पुरवणारा जाणकार तो हाच. अमेरिकेत 1873 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचा ग्रंथ आला. सोनेरी आणि रुपेरी सेब्राइट त्या पहिल्याच यादीत होत्या. ब्रिटनचा आजचा पोल्ट्री क्लब 1877 चा. फक्त बँटमसाठीची अमेरिकन बँटम असोसिएशन 1914 मध्ये निघाली आणि तिने स्वतःचा वेगळा मानकग्रंथ चालवला. त्यामुळे अमेरिकेत एकाच बँटमला दोन संस्थांचे दरवाजे ठोठावावे लागतात, आणि एकीने स्वीकारलेला रंग दुसरीच्या ग्रंथात असेलच असे नाही.

अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनची मान्यतेची पद्धत सर्वांत काटेकोर म्हणता येईल. नवी जात किंवा जुन्या जातीचा नवा रंग मान्य व्हायचा तर किमान पाच पैदासकारांनी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आपण हा पक्षी पाच वर्षांहून कमी नव्हे इतका काळ पैदास करत आहोत आणि निम्मी किंवा अधिक पिल्ले अपेक्षित रूपाची निघतात, असे त्यात म्हणायचे असते. त्याआधी पक्षी सलग काही वर्षे मान्यताप्राप्त प्रदर्शनांत दिसलेला असावा लागतो. प्रौढ कोंबडा, प्रौढ कोंबडी, तरुण कोंबडा आणि तलंग असे चारही वर्ग ठेवावे लागतात. शेवटी पात्रता-मेळावा होतो. तिथे वेगवेगळ्या पैदासकारांचे अनेक पक्षी एका छताखाली आणून परीक्षकांपुढे मांडतात, आणि परीक्षकांचा अहवाल समितीपुढे जातो.

या अटींमागचे कारण रास्त आहे. एका माणसाच्या खुराड्यात चार पिढ्या टिकलेले रूप म्हणजे जात नव्हे. वेगवेगळ्या हातांत, वेगवेगळ्या हवामानात ते पुन्हा पुन्हा उमटले पाहिजे. तरीही दुर्मीळ जातीवर या क्रमाने अन्याय होतो. ज्या जातीचे देशात तीनच पैदासकार उरले आहेत तिच्यासाठी पाच प्रतिज्ञापत्रे कोठून आणायची? मान्यता मिळाल्यावर पैदासकार येतात, आणि पैदासकार आल्याशिवाय मान्यता नाही. हौशी मंडळी हा तिढा पक्षी आपसांत वाटून सोडवतात. एखादा जाणता पैदासकार आपली उत्तम पिल्ले दुसऱ्या राज्यातल्या चौघांना देतो, पाच वर्षे थांबतो आणि मग सारे मिळून अर्ज करतात. इतका धीर आणि इतकी माणसे जोडण्याची हातोटी ज्या जातीच्या वाट्याला आली ती ग्रंथात पोहोचली.

युरोपची रीत थोडी वेगळी आहे. जर्मनीत गोर्लिट्झ येथे 1852 मध्ये कोंबडीपालकांची संस्था निघाली आणि तिथून देशभर संघटना पसरली. 1938 मध्ये स्थापन झालेला युरोपीय पक्षिपालक संघ निरनिराळ्या देशांच्या मानकांचा मेळ घालतो. जातीच्या मूळ देशाने लिहिलेले मानक इतरांनी प्रमाण मानावे, हे त्याचे तत्त्व दुर्मीळ बँटमला फार उपयोगी आहे. बेल्जियमने वर्णन पक्के केले की दुसऱ्या देशातल्या पैदासकाराला ती जात कशी दिसावी यावर वाद घालावा लागत नाही. पक्षी त्या वर्णनात बसतो एवढे दाखवले की पुरे. ब्रिटनमध्ये आणखी एक सोय आहे. ज्या जातींचे स्वतःचे मंडळ चालवण्याइतके पालक नाहीत त्यांचे पालकत्व रेअर पोल्ट्री सोसायटी घेते. मानकातील वर्णन सांभाळणे, प्रदर्शनात स्वतंत्र वर्ग ठेवणे, पैदासकारांची एकमेकांशी गाठ घालून देणे ही कामे ती अशा अनेक जातींसाठी एकत्र करते. आजवर योजलेल्या उपायांत हा सर्वांत शहाणपणाचा दिसतो, कारण त्यात जातीला आधी लोकप्रिय होण्याची अट नाही.

एकाच पक्ष्याकडे दोन देश कसे वेगळ्या नजरेने पाहतात याचे ठळक उदाहरण पेकिन बँटमचे आहे. चेंडूसारखी गोल, पायांच्या बोटांपर्यंत पिसांनी झाकलेली ही कोंबडी 1860 मध्ये पेकिंगच्या उन्हाळी राजवाड्याच्या लुटीतून इंग्लंडला पोहोचली, अशी आख्यायिका आहे. ब्रिटन तिला स्वतंत्र अस्सल बँटम मानतो. अमेरिका आणि जर्मनी तिला कोचिन या थोराड जातीची बुटकी आवृत्ती म्हणून नोंदवतात. त्यामुळे तिची ठेवण कोणत्या नमुन्यावर तोलायची हेच बदलते. एका ठिकाणी तिला स्वतःचा आदर्श आहे, दुसऱ्या ठिकाणी मोठ्या कोचिनचा.

डच बँटमचा मार्ग सरळ होता. हॉलंडच्या गावांतून ही चपळ, छोटी कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या वावरत होती. मोठी अंडी जमीनदाराला द्यावी लागत, म्हणून कुळे छोटी अंडी देणारी कोंबडी पाळत, अशी लोककथा तिथे सांगतात. तिच्यासाठी डच मंडळ 1946 मध्ये निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या उपासमारीत कितीतरी खुराडी रिकामी झाली होती, त्यानंतर लगेचच हे मंडळ निघावे यात या लोकांचा जिव्हाळा दिसतो. अमेरिकेच्या ग्रंथात ती 1992 मध्ये आली, तीही मोजक्या रंगांत. मायदेशी तिचे रंग कितीतरी अधिक आहेत.

सेरामाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मलेशियाच्या केलंतान राज्यात जपानी आणि स्थानिक बँटमच्या संकरातून ही जगातील सर्वांत लहान कोंबडी घडली. 1970 च्या दशकातील वी यीन ईन या पैदासकाराला तिचे श्रेय देतात. अर्ध्या किलोहून कमी वजन, छाती इतकी पुढे काढलेली की मान मागे झुकते, शेपटी उभी आणि पंख जमिनीकडे सरळ. मलेशियात तिची स्पर्धा पिंजऱ्यात होत नाही. पक्षी मोकळ्या टेबलावर सोडतात आणि त्याची चाल, ऐट, धीटपणा पाहतात. रंगाला तिथे जवळजवळ महत्त्व नाही, आणि सेरामा रंगात खरी उतरतही नाही. एकाच उबवणीतून चार रंगांची पिल्ले निघतात, आकारही कमी-जास्त असतो.

2001 मध्ये हे पक्षी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात पोहोचले. तिथले मानक रंगावर उभे असते. प्रत्येक रंग हा स्वतंत्र वाण, आणि वाण मान्य व्हायचा तर तो पिढीजात टिकला पाहिजे. पैदासकारांना दहाएक वर्षे खपून एक रंग स्थिर करावा लागला. पहिली मान्यता मिळाली ती पांढऱ्या सेरामाला. बाकीच्या असंख्य रंगांचे पक्षी त्यांच्या स्वतंत्र मंडळांच्या टेबलावरच राहिले. मान्यता हवी म्हणून एका रंगाची निवड केली की पैदाशीचा पाया आक्रसतो. केलंतानमध्ये जे गुण पाहून सेरामा घडवली गेली ते गुण पांढऱ्या पिसांशी बांधलेले नव्हते. सेरामासाठी रंगावर आधारलेली नोंद अपुरी आहे. चाल आणि ठेवण यांवर सर्व रंगांची एकच नोंद करणे तिच्या स्वभावाला अधिक धरून झाले असते.

मानकातील वर्णन आणि पक्ष्याचे शरीरशास्त्र यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. चाबो हे त्याचे सर्वांत बोचरे उदाहरण. जपानने 1941 मध्ये या जातीला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. तिचे पाय इतके आखूड असतात की पिसांखाली ती जमिनीवर बसल्यासारखी भासते, आणि मानकाला नेमके तेच हवे असते. हे आखूड पाय ज्या जनुकीय बदलामुळे येतात तो एका मात्रेत असला तर पाय आखूड होतात. दोन्ही पालकांकडून आला तर गर्भ अंड्यातच, उबवणीच्या पहिल्या काही दिवसांत मरतो. आखूड पायांचा कोंबडा आणि आखूड पायांची कोंबडी यांच्या जोडीत सरासरी चौथा हिस्सा गर्भ मरतात, निम्मी पिल्ले आखूड पायांची होतात आणि उरलेला चौथा हिस्सा लांब पायांचा निघतो. म्हणजे मानकात बसणारी चाबो कधीच शंभर टक्के खरी उतरू शकत नाही. आखूड आणि लांब पायांची जोडी लावली तर गर्भमृत्यू टळतो आणि निम्मी पिल्ले तरीही हवी तशी मिळतात. समंजस पैदासकार तेच करतात. त्यासाठी लांब पायांचे पक्षी खुराड्यात जपावे लागतात, आणि प्रदर्शनात त्यांना जागा नाही. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात पक्ष्याला त्रास होईल अशा पैदाशीवर बंदी आहे. तिथल्या तज्ज्ञांच्या 1999 च्या अहवालात आखूड पायांच्या कोंबड्यांचा विचार झाला आहे.

रोझकोंबची अडचण अधिक छुपी आहे. काळी चकचकीत पिसे, पांढऱ्या गोल कानाच्या पाळ्या आणि मागे निमुळत्या होत गेलेल्या रुंद, खरबरीत तुऱ्याची ही बँटम इंग्लंडच्या सर्वांत जुन्या जातींपैकी आहे. तिच्या नरांची प्रजननक्षमता कमी असते हे पैदासकारांना पूर्वीपासून ठाऊक होते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कारण दाखवले. या तुऱ्यामागे गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा फिरलेला असतो. त्यामुळे तुरा बदलतो, पण उलट्या तुकड्याच्या टोकाशी शुक्रजंतूंच्या हालचालीशी संबंधित एक जनुकही तुटते. नराला हा बदल दोन्ही पालकांकडून मिळाला तर शुक्रजंतू मंदावतात. एका पालकाकडून साधा तुरा आलेला असेल तर तो नर दिसायला तसाच आणि प्रजननात बळकट असतो. अडचण अशी की त्याच्या पिल्लांत मधूनमधून साधा, उभा तुरा निघतो, आणि मानकानुसार असा पक्षी बाद ठरतो. बाद पक्षी दर पिढीत बाजूला काढत गेले की कळपात दोन्ही मात्रा असलेलेच नर उरतात. मानकाची शिस्त जितकी कडक, तितकी अंडी वांझ. इथे दोष पैदासकाराकडे नाही आणि परीक्षकाकडेही नाही. प्रदर्शनासाठी बाद असलेला पक्षी पैदाशीसाठी ठेवावा, एवढी सूचना मानकाच्या नोंदीखाली छापली तर या जातीचे मोठे हित होईल.

सेब्राइटही अशाच फेऱ्यात आहे. तिच्या कोंबड्याला कोंबडीसारखी पिसे असतात. शेपटीत कोयत्यासारखी वळलेली लांब पिसे नसतात, मानेवर टोकदार पिसे नसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन याने सेब्राइट कोंबड्यांचे वृषण काढून पाहिले, तेव्हा त्यांना नराची पिसे फुटली. नंतरच्या संशोधनात उलगडले की या जातीच्या कातडीत नर-संप्रेरकाचे मादी-संप्रेरकात रूपांतर करणारे विकर मोठ्या प्रमाणात तयार होते. सेब्राइटच्या अंड्यांतून पिल्ले कमी निघतात ही तिच्या पालकांची जुनी तक्रार आहे. किंचित वळणदार शेपटी असलेला कोंबडा पैदाशीला चांगला, असे अनेक जाणकार सांगतात. पिंजऱ्यात मात्र तो दोषी ठरतो.

नोंद झाली म्हणजे जात सुरक्षित झाली असेही नाही. ग्रंथात शंभर-सव्वाशे वर्षे असलेली जात प्रदर्शनात कोणी आणेनासे झाले की ती कागदावरच उरते. अमेरिकन बँटम असोसिएशनमध्ये दीर्घकाळ न दिसलेले वाण निष्क्रिय यादीत जातात. उलट दिशेने पाहिले तर दुर्मीळतेचे मोजमाप करणाऱ्या संस्था रूपाकडे न पाहता संख्येकडे पाहतात. अमेरिकेतील लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी देशात 500 पेक्षा कमी पैदाशीचे पक्षी, पाच किंवा त्याहून कमी मुख्य कळप आणि जगात 1,000 पेक्षा कमी पक्षी असलेल्या जातीला अतिसंकटग्रस्त ठरवते. या याद्या आणि मानकग्रंथ एकमेकांना पूरक व्हायला हवेत, पण बहुतेक ठिकाणी दोन्ही कामे स्वतंत्र चालतात. शिवाय मान्य जातीचे सारे बक्षीसपात्र पक्षी दोन-तीन नामांकित कळपांतून आलेले असतील तर पिंजरे भरलेले दिसूनही रक्त एकच असते. अशा वेळी दुसऱ्या जातीचे रक्त घालून जात सावरणे हा जुना आणि उपयोगी मार्ग आहे. त्यानंतरच्या काही पिढ्या मानकात बसत नाहीत, तेवढी सवड पैदासकाराला मिळाली पाहिजे.

रोगराईने गेल्या काही दशकांत प्रदर्शनांचे चक्रच विस्कटले आहे. 2004 मध्ये केलंतानमध्ये बर्ड फ्लू आढळला तेव्हा आसपासचे पक्षी मारण्यात आले आणि सेरामाच्या मायदेशातल्या कळपांना फटका बसला. 2015 मध्ये अमेरिकेत साथ पसरली आणि आयोवा, मिनेसोटा अशा राज्यांनी त्या वर्षीची कोंबड्यांची प्रदर्शने रद्द केली. 2020 नंतरच्या हिवाळ्यांत ब्रिटनमध्ये पक्षी एकत्र आणण्यावर वारंवार बंदी आली. मान्यतेची अट सलग वर्षांच्या प्रदर्शनांची असेल तर एका साथीने अर्ज मागे पडतो, आणि तोवर म्हातारा पैदासकार निवृत्त झालेला असतो. परदेशातून नवे रक्त आणणेही विलगवासाच्या नियमांमुळे महाग आणि अवघड झाले आहे.

भारतात कोंबडीच्या जातीला मान्यता मिळते ती वेगळ्या वाटेने. हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो देशी जातींची नोंदणी करतो. तिथे मूळ प्रदेश, तिथल्या लोकांची पाळण्याची पद्धत, पक्ष्यांची संख्या आणि इतर जातींपासूनचे वेगळेपण पाहिले जाते. बक्षिसाचा किंवा पिंजऱ्याचा संबंध नसतो. असील, कडकनाथ, गुजरात-महाराष्ट्राच्या सीमाभागातली बुसरा, आखूड पायांसाठी ओळखली जाणारी निकोबारी या जाती त्या यादीत आहेत. झुंजीसाठी प्रसिद्ध असलेली असील ब्रिटन आणि अमेरिकेच्या मानकग्रंथांतही आहे. तिथे तिची मान, तुरा आणि पायांची ठेवण गुणांनी तोलली जाते. म्हणजे एकच जात एका देशात तिच्या गावांमुळे मान्य आहे, तर दुसऱ्या देशांत तिच्या रूपामुळे.